गाळलेला चौकोन

तराफ्यावरची माणसं त्याला ‘अलगद’ म्हणायची. खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथेच पडून असायचं. हे दुसरं नाव त्याला पाणबुड्याने दिलं, त्यालाही आता तीस वर्षं होत आली. खाडीच्या तळातला गाळ उपसायचं काम म्हणजे काय, तर एक रुंद तराफा, त्यावर उभी क्रेन, क्रेनच्या तारेला लटकणारा लोखंडी जबडा आणि काचेच्या केबिनमध्ये बसून दोन दांड्यांनी तो जबडा चालवणारा माणूस. बाकीचे चालक जबडा पाण्यात धाडकन सोडायचे. हा सोडायचा तेव्हा पाण्यावर एक बारीक वर्तुळ उठायचं आणि विरून जायचं. “याने तळाशी अंडं ठेवलं तरी फुटायचं नाही,” असं पाणबुड्या येईल त्याला सांगत सुटायचा.

या खाडीत असा हात लागतोच. वरच्या अंगाला बॅटऱ्यांचा एक कारखाना चाळीस वर्षं चालला आणि चाळीस वर्षं त्याने आपलं सांडपाणी खाडीत सोडलं. कारखाना बंद पडला, मालक परागंदा झाला, पत्रे लोकांनी उचलून नेले. शिसं तेवढं कोणी नेलं नाही. ते तळाच्या गाळात बसून राहिलं. तो गाळ घाईने ढवळला तर विष पाण्यात पसरतं, म्हणून आधी भोवती तळापर्यंत पडदा सोडायचा आणि मग हळूहळू, जबडा नीट मिटला आहे ना बघत, एकेक घास वर काढायचा. कंटाळवाणं काम. पण अलगद त्यात रमायचा.

त्याच्या बायकोचं मात्र म्हणणं असं होतं, की हे नाव त्याला यंत्रामुळे पडलेलंच नाही. घरात दोन माणसं मोठ्याने बोलायला लागली की याला नेमकं दूध आणायचं आठवायचं. भावांमध्ये घरावरून वाजलं, तेव्हा याने सही केली आणि अलगद बाहेर पडला. मुलीच्या शाळेतून बोलावणं आलं की त्या दिवशी याची हमखास जादा पाळी असायची. “एकदा तरी भांडा हो कोणाशी,” बायको म्हणायची. “घरात दूध नासेल इतकं झालंय.” तिच्या शेवटच्या आजारात डॉक्टर काय म्हणाले हे तिने विचारलं, तेव्हाही तो म्हणाला, “काही नाही, आराम कर म्हणाले.” तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तिला सगळं कळलेलं होतं, आणि हा सांगणार नाही हेही.

माणूस वाईट होता असं नाही. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. अशा माणसाला जग चांगलाच म्हणतं. त्याच्या हातून काय निसटतंय ते कोणी मोजत नाही.

तर अकरा वर्षांपूर्वी खाडीची पहिली सफाई झाली. खालच्या अंगाला, जिथे काठाला लागून वस्ती आहे, तिथे नकाशावर ऐंशी चौकोन आखले होते. एकेक चौकोन उपसायचा आणि वहीत त्याच्यापुढे नोंद करायची. दोन पाळ्यांत दोन चालक होते. अलगदची अक्षरं टपोरी, तो प्रत्येक वेळी पूर्ण लिहायचा, ‘गाळ काढला’. दुसऱ्या पाळीचा चालक आळशी. त्याने दोन शब्दांचा एकच करून टाकला आणि ‘गाळला’ एवढंच खरडायला लागला. ऑफिसातले आधी हसले, मग त्यांना सवय झाली. ‘गाळला’ म्हणजे गाळ काढला, हे तिथे पक्कं होऊन बसलं.

चौकोन एकेचाळीस म्हणजे वस्तीच्या पायऱ्यांसमोरचा. तिथे जुन्या लाकडी धक्क्याचे खुंट पाण्याखाली उभे होते. आदल्याच दिवशी एका खुंटात अडकून जबड्याचा दात तुटला होता. पाणबुड्याने खाली उतरून खुंट कापायला हवे होते, आणि पाणबुड्या कावीळ होऊन अंथरुणावर. मुकादम काठावरून ओरडत होते, “आज ही रांग संपलीच पाहिजे!” अलगदने जबडा उचलला, एकेचाळीसवरून पलीकडे नेला आणि बेचाळीसमध्ये सोडला. संध्याकाळी वही पुढे आली. त्याने थोडा वेळ पेन हातात धरून ठेवलं आणि एकेचाळीसपुढे आयुष्यात पहिल्यांदा छोटा शब्द लिहिला. ‘गाळला.’

परीक्षेत प्रश्न गाळतात, यादीतून नाव गाळतात, तसा गाळला. शब्द खोटा नव्हता. विचारलं तर सांगता आलं असतं. कोणी विचारलं नाही.

ऐंशीतला एक, असं तो स्वतःला म्हणाला. भरती-ओहोटीने होईल इकडचं तिकडे. दोन महिन्यांनी काठावरची तारेची जाळी निघाली, पायऱ्या उघडल्या आणि ‘खाडी स्वच्छ’ असा फलक लागला. मुकादम पुढे हृदयविकाराने गेले. मुलीचं लग्न झालं, तिला मुलगी झाली. मुलगी-जावई घर शोधायला लागले तेव्हा काठाच्या गल्लीतल्या दोन खोल्या त्यांना आवडल्या. मुलीने विचारलं, “बाबा, तिथे सगळं साफ झालंय ना नक्की?”

“मीच तर काढलंय सगळं,” तो म्हणाला. तोवर त्याचा स्वतःचाही त्यावर जवळजवळ विश्वास बसला होता.

नात आठ वर्षांची झाली आणि शाळेत रक्ततपासणीची गाडी आली. रक्तात शिसं पाचाच्या वर गेलं तरी आम्ही काळजी करतो, ते मुलांच्या मेंदूवर जातं, असं नर्सने सांगितलं. नातीचा आकडा अडतीस होता.

त्यानंतरचे सात महिने त्या घराने कसे काढले ते सांगायला नको. तपासणीवाले येऊन भिंतींचा रंग खरवडून घेऊन गेले. रंगात काही नाही. नळाचं पाणी नेलं. पाण्यात काही नाही. भांडी नेली, खेळणी नेली, अंथरुणाची धूळसुद्धा नेली. धुळीत शिसं सापडलं, पण ते घरात येतं कुठून हे कळेना. मग एकाने सहज विचारलं, “वडील काय करतात?” जावई गाड्यांच्या गॅरेजमध्ये बॅटऱ्या चार्ज करायचा. झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्या दिवसापासून मुलीने नवऱ्याला उंबऱ्याबाहेर उभं करून कपडे काढायला लावले. तो बाहेरच्या नळावर अंघोळ करायचा, गल्लीतून माणसं जात-येत असायची. तेवढं करूनही आकडा हलेना, तेव्हा त्याने गॅरेज सोडलं आणि हमालीला लागला. तरीही आकडा हलेना. मुलीच्या तोंडून एकदा निघून गेलं, “तुझ्या अंगातच मुरलंय ते.” त्या दिवशी जावई पिशवी भरून मित्राच्या खोलीवर राहायला गेला. पोरीला जवळ घ्यायचीही त्याला भीती वाटायला लागली होती. तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहून तिला हात करायचा.

अलगदच्या मनात या सात महिन्यांत एकेचाळीस नंबर आला नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. आला. बऱ्याचदा आला, आणि त्याने तो दरवेळी बाजूला सारला. अकरा वर्षांत त्यावर चांगली माती बसली असेल. तपासणीवाले शिकलेली माणसं, ती म्हणतात ना गॅरेज, मग गॅरेजच. जावयाचं वाईट वाटायचं त्याला, खरंच वाटायचं. रविवारी येताना तो त्याच्यासाठी तंबाखूची पुडी आणायचा. यापलीकडे त्याने काही केलं नाही.

खाडीची दुसरी सफाई सुरू होती, या वेळी वरच्या अंगाला. वय झालेलं असूनही हातामुळे त्याला परत बोलावलं होतं. नऊ दिवसांनी यंत्र दुसऱ्या गावच्या बंदरात जाणार होतं. त्यानंतर वरच्या धरणाचे दरवाजे उघडायचे होते आणि पाच महिने खाडीला पाण्याची जोराची ओढ राहणार होती. तळाशी जे काही सुटं राहिलं असेल, ते त्या ओढीने काठाकाठाने पसरणार. हे त्याच्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार होतं?

त्या रविवारी तो मुलीकडे गेला तेव्हा ती गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने भिंतीचा कोपरा पुसत होती. तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या आणि भेगांत साबण जाऊन त्या लाल झाल्या होत्या.

“कालच पुसलं होतंस ना?” तो म्हणाला.

“काल पुसलं ते काल, बाबा.” तिने मान वर केली नाही. “कुठून तरी येतंय ना. मला सापडेपर्यंत पुसणार मी.”

नात खाटेवर वही घेऊन बसली होती. ‘गाळलेल्या जागा भरा’ असं वर मोठ्या अक्षरात छापलं होतं. दहा वाक्यं होती आणि तिने तीन भरली होती. बाकीच्या रेघा कोऱ्या.

“ह्या का सोडल्यास गं?”

“येत नाहीत त्या.”

“थोडा विचार कर की.”

“तुम्हीच म्हणाला होतात ना,” ती म्हणाली, “येत नसेल ते गाळायचं आणि पुढे जायचं. रडत बसायचं नाही.”

म्हणाला होता तो. दोन महिन्यांपूर्वी, ती पाढे विसरून रडायला लागली तेव्हा. तिचे डोळे पुसावेत म्हणून बोलला होता, आणि त्याला वाटलं होतं आपण फार शहाणपणाचं बोललो.

तो उठून खिडकीपाशी गेला. खिडकीच्या फळीवर नातीची भातुकली मांडलेली होती. मातीची छोटी छोटी भांडी. नऊ वाट्या, एक तवा, एक नाक तुटलेली किटली. कधीपासून होती कोण जाणे. दर रविवारी तो ती बघत होता आणि बघत नव्हता. आज त्याने एक वाटी उचलली. वजनाला जड वाटली. त्याने वाटीवर फुंकर मारली, अंगठा जरा ओला केला आणि तळाशी घासला. माती तेलकट सुटली, निळसर काळी. नाकाशी नेली तर जळलेल्या लोखंडासारखा वास. या खाडीच्या दोन्ही सफायांत तो वास रोज त्याच्या कपड्यांना असायचा. झोपेत समोर धरली असती तरी त्याने ती ओळखली असती.

“ही... ही माती कुठली गं?”

“पायऱ्यांखालची. काळे दात आहेत ना तिथे, ओहोटीला दिसतात ते? आम्ही सगळ्या तिथनं आणतो. तिथली माती मस्त असते आजोबा, तडकतच नाही.” ती खाटेवरून उडी मारून आली. “आणि कड बघा कशी करायची.” तिने बोट जिभेवर ओलं केलं, वाटीच्या काठावरून फिरवलं, परत जिभेला लावलं, परत फिरवलं. “गुळगुळीत होते. बघा.”

त्याने तिचा हात पकडला. आयुष्यात त्याने कोणाचं मनगट इतक्या जोरात पकडलं नव्हतं. ती किंचाळली आणि रडायला लागली. मुलगी फडकं टाकून धावत आली.

“काय झालं? बाबा, काय झालं?”

“काही नाही,” तो म्हणाला.

तो शब्द त्याच्या तोंडातून नेहमीसारखाच निघाला, आणि या वेळी त्याला त्याची किळस आली.

“ही भांडी मी घेऊन जातो,” तो म्हणाला. “तपासायला देतो. ही तपासायला दिली होती का?”

“खेळण्यांच्या दिवशी तिने ती पांघरुणात लपवली होती. फोडतील म्हणून. नंतर मीही दिली नाहीत, म्हटलं मातीच तर आहे. घासत नाही मी ती, विरघळतात. नुसती धूळ काढते रोज.” मुलगी थांबली. तिने वाट्यांकडे बघितलं, मग बापाकडे. “बाबा, तुम्ही असे पांढरे का पडलात?”

“ऊन लागलं असेल.”

तिने पिशवी आणून दिली, सगळी भांडी आत भरली, पोरीचे हात साबणाने धुतले, तीन तीन वेळा. मग म्हणाली, “उद्या ऑफिसात जाणार असाल तर मीही येते.” ती त्याचीच मुलगी होती. तो निसटायला लागला की कसा दिसतो, हे ती लहानपणापासून बघत आली होती.

ऑफिसात नकाशांचं काम एक बाई बघायच्या. तराफ्यावरची माणसं त्यांना नकाशाबाई म्हणत. बोलायला कोरड्या, पण कामाला पक्क्या. त्यांनी वाटी हातमोजा घालून उचलली, मोजायचं छोटं यंत्र तिला टेकवलं, आकडा बघितला आणि यंत्र बंद करून परत चालू केलं.

“हा गाळ वरच्या अंगाचा आहे,” त्या म्हणाल्या. “खालच्या अंगाला असा गाळ नाही.”

“पायऱ्यांखालचा आहे,” मुलगी म्हणाली. “पोरी तिथनं आणतात.”

“पायऱ्यांसमोर म्हणजे एकेचाळीस.” बाईंनी कपाटातून जुनी वही काढली आणि पानं उलटली. “एकेचाळीस उपसलेला आहे. हे बघा.”

“तरी एकदा बघून घ्या ना, मॅडम,” अलगद म्हणाला. “काय सांगावं. यंत्र इथे आहे तोवर...”

“काका, कागदावर साफ असलेला चौकोन मला परत उपसता येत नाही. तळाचे नवे नमुने घ्यावे लागतील. प्रयोगशाळेचे तीन आठवडे. यंत्र जातंय आठ दिवसांत.”

“मग?” मुलीने विचारलं.

“मग पुढच्या हंगामात.”

“पाच महिने?” मुलीचा आवाज चिरला. “तोवर धरणाचं पाणी येईल, मॅडम. गल्लीत बावीस पोरं आहेत. माझी एकटीच नाही. माझ्या पोरीला आपल्या घराचा नंबर सांगता येत नाही आता! मी काय करू ते सांगा. कोणाच्या पाया पडू?”

नकाशाबाईंनी वही परत जवळ ओढली. त्यांनी एक पान मागे जाऊन पाहिलं, मग दोन पानं पुढे. मग वही फिरवून अलगदसमोर ठेवली.

“काका, हे अक्षर तुमचं?”

“हो.”

“तुमच्या हातच्या अडतीस नोंदी आहेत. सदतीस ठिकाणी ‘गाळ काढला’. पूर्ण. एकाच ठिकाणी नुसतं ‘गाळला’.” त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. “का?”

खोलीत पंखा फिरत होता. त्याच्या तोंडाशी आलंच होतं, घाई होती त्या दिवशी. आणि ते खरंही होतं.

बाईंचा आवाज थोडा खाली आला. “हे बघा. हा चौकोन उपसलाच नव्हता, असं चालकाने स्वतः लिहून दिलं, तर आधीचा दाखला आपोआप रद्द होतो. मग मला तातडीचा हुकूम काढता येतो, यंत्र उद्या हलवता येतं. पण ज्याने लिहिलं त्याची चौकशी होणार. नोकरी, निवृत्तीवेतन, सगळंच.” त्यांनी जबाबाचा कोरा कागद आणि पेन पुढ्यात घेतलं. “मुकादमांनी वगळायला सांगितलं होतं का? तसं असेल तर तसं सांगा, मी लिहिते. ते आता नाहीत. तुमच्यावर काही येणार नाही.”

वाट मोकळी होती. माणूस मेलेला, त्याच्या घरी कोणी विचारायला जाणार नाही, काम होईल, नातीचं कल्याण होईल आणि मुलीला काही कळायचं नाही. इतकी सोपी वाट त्याला आयुष्यात मिळाली नव्हती. त्याने शेजारी बघितलं. मुलगी त्याच्याकडेच बघत होती, अगदी तिच्या आईसारखी. हा सांगणार नाही, अशा नजरेने.

“मुकादम रांग संपवा म्हणाले होते,” तो म्हणाला. “गाळा म्हणाले नव्हते. मी गाळला.”

“म्हणजे वगळला?”

“वगळला. जबडा पलीकडे नेला. खुंट होते, पाणबुड्या आजारी होता. चार दिवस थांबलो असतो तर झालं असतं. थांबलो नाही.” त्याने वहीतल्या त्या शब्दाकडे बोट केलं. “आणि तुम्ही ऑफिसात ते ‘काढला’ असं वाचणार, हे मला माहीत होतं. म्हणूनच तो शब्द लिहिला.”

नकाशाबाईंनी पेन थांबवलं. “हे दुसरं वाक्य लिहायची गरज नाही, काका. पहिल्याने काम होतंय.”

“लिहा.”

“त्याने तुमचं नुकसान होईल.”

“लिहा, मॅडम. नाहीतर मी परत निसटेन.”

मुलगी उठली. तिने पिशवी उचलली, परत खाली ठेवली. “मी घर पुसत होते, बाबा,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ऐकवत नव्हतं. “सात महिने. तुम्ही रविवारी यायचात, चहा प्यायचात आणि मला पुसताना बघायचात. मी नवऱ्याला रस्त्यावर नागडा उभा केला. तुम्ही त्याला तंबाखू आणून दिलीत.” ती दारापर्यंत गेली. दार उघडलं आणि एकटीच बाहेर पडली.

त्याने सही केली.

नियमाप्रमाणे त्याला त्याच दिवशी केबिनमधून उतरवायचं होतं. पण पाणबुड्या अडून बसला. खाली अंधुक पाण्यात खुंट कापायचे, कापलेला खुंट जबड्याने धरून वर घ्यायचा, आणि हे सगळं पाणबुड्या हाताच्या अंतरावर असताना. “माझ्या डोक्यावर जबडा फिरणार असेल तर केबिनमध्ये अलगद बसेल,” तो म्हणाला. “नाहीतर तुमच्यापैकी कोणी उतरा खाली.” मग अलगदकडे बघून थुंकला आणि म्हणाला, “मी त्यानंतर चौथ्या दिवशी काविळीतून उठलो होतो, भडव्या. चार दिवस थांबायला काय झालं होतं तुला?” अलगद केबिनची शिडी चढला.

चार दिवस काम चाललं. पडदा सोडला, खुंट निघाले, मग गाळ. काठावर दोर बांधून लोकांना मागे ठेवलं होतं. बातमी सगळ्या गल्लीला कळली होती. एक बाई रोज लेकराला कडेवर घेऊन यायची आणि दोरापाशी उभी राहायची. पहिल्या दिवशी ती ओरडली, “आत्ता आठवलं होय रे मेल्या?” नंतर ती नुसतीच उभी राहायची. अलगद केबिनमधून खाली उतरायचा तेव्हा तिच्या समोरूनच जायचा. दुसरी वाट होती, पण त्या वाटेने तो गेला नाही.

तळ लागला तेव्हा चौथ्या दिवसाची दुपार कलली होती. नकाशाबाईंनी तळाची पिवळी चिकणमाती तपासली आणि मान हलवली. वही पुढे आली. त्याने चौकोन एकेचाळीसपुढे पूर्ण लिहिलं, ‘गाळ काढला’. मग खिशातून ओळखपत्र काढून वहीवर ठेवलं. यंत्राच्या तारा आवळायला सुरुवात झाली होती.

तो तसाच चालत गल्लीत गेला. जायचं धैर्य होतं म्हणून नव्हे. दुसरीकडे कुठे जायचं ते सुचेना म्हणून. जावई दारातच उभा होता. दोन दिवसांपूर्वी मुलगी स्वतः जाऊन त्याला घेऊन आली होती. अलगद पायरीवर पाय ठेवणार, तोच आतून मुलीचा आवाज आला.

“तिथेच थांबा.”

तो थांबला.

“कपडे तिथेच काढायचे. अंगावर घेऊन आत यायचं नाही.”

गल्लीतून माणसं येत-जात होती. दोरापाशी उभी राहणारी ती बाईही समोरच्या ओट्यावर होती. बासष्ट वर्षांच्या त्या माणसाने सदरा काढला, विजार काढली आणि चड्डीवर नळाशी उभा राहिला. सात महिने जावई जिथे उभा राहायचा, तिथेच. त्याला वाटलं जावई आत निघून जाईल. जावई आत गेला, आणि बादली घेऊन बाहेर आला.

“पाणी गरम आहे,” तो म्हणाला. त्याने साबणही पुढे केला, आणि पाठ चोळायला लागला. तेव्हा मात्र अलगदला उभं राहवेना. तो नळ धरून खाली बसला आणि रडला, सगळ्यांच्या देखत.

मुलीने टॉवेल दारावर टाकला होता. ती त्याच्याशी बोलली नाही. पुढे किती दिवस बोलणार नव्हती, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते की आता आकडा उतरेल, वर्षभरात बराच उतरेल. जे गेलंय ते परत येईल का, यावर ते म्हणाले होते, “बघू.” ‘बघू’चा अर्थ या घरात आता सगळ्यांना कळत होता.

खिडकीची फळी रिकामी होती. नात खाटेवर तीच वही घेऊन बसली होती. तो तिच्यापासून थोडा लांब बसला. ती आपणहून सरकत जवळ आली आणि वही त्याच्या मांडीवर ठेवली. तिच्या मनगटावरचा वळ अजून पुरता गेला नव्हता.

“हे येत नाहीये,” ती म्हणाली.

त्याने वाचलं. ‘मंगळवारनंतर ______ येतो.’

मागच्या वर्षी ती सगळे वार म्हणत घरभर उड्या मारायची. उलटेसुद्धा.

“गाळू का, आजोबा?”

“नाही,” तो म्हणाला. “नाही गं बाळा. आपण थांबू.”

“किती वेळ?”

“तुला येईपर्यंत.”

तिने पेन्सिल रेघेवर टेकवली. रविवार म्हणाली, सोमवार म्हणाली, मंगळवार म्हणाली आणि अडली. परत रविवारपासून सुरुवात केली. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, तिच्यामागे जावई. शब्द तिघांनाही माहीत होता आणि कोणीच तो सांगितला नाही. पोर परत मंगळवारपर्यंत आली आणि त्याच्या तोंडाकडे बघायला लागली.